यादी कोणी लिहायची?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकली आहे, की तिच्या व्याकरणाकडे आपले लक्षच जात नाही. या म्हणीत कर्ता नाही. घर कोणी बांधायचे आणि लग्न कोणी करायचे, हे ती सांगत नाही. तरीही ती ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहतो : मुलीचा बाप. वधू नाही, वर नाही, वरपिता तर नाहीच. उल्लेख करण्याचीही भाषेला गरज वाटू नये, इतका हा कर्ता गृहीत धरलेला आहे. कमी खर्चातल्या लग्नाविषयी बोलायचे तर या अध्याहृत कर्त्यापासूनच सुरुवात करायला हवी, असे आम्हांला वाटते.

या विषयावर जे लिहिले जाते ते बहुधा गृहशास्त्राच्या अंगाने. पत्रिका साध्या छापाव्यात, फुलांची सजावट आटोपशीर असावी, गोडाचा एकच पदार्थ ठेवावा, छायाचित्रकार ओळखीचा पाहावा. सल्ले चुकीचे नाहीत. पण ते सारे मांडव पडल्यानंतरचे आहेत. लग्नाचा खर्च मांडवात ठरत नाही. तो त्याआधी काही महिने, कुणाच्या तरी ओसरीवर किंवा दिवाणखान्यात, सतरंजीवर बसलेल्या दहा-पंधरा पुरुषांच्या बैठकीत ठरतो. तिथे एक कागद लिहिला जातो. त्याला महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत 'याद' किंवा 'यादी' म्हणतात.

मराठीच्या अभ्यासकांनी या कागदाकडे एक गद्यप्रकार म्हणून पाहायला हरकत नाही. वर मध्यभागी 'श्री' असते, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले असते. मग कलमे येतात : वराचा पोशाख, वधूचा शालू, दागिने कुणी किती तोळे घालायचे, करणी, मानपान, वऱ्हाडाच्या गाड्या, जेवण किती पानांचे, बँड कोणाचा. शेवटी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. यादी झाली की सुपारी फुटते. ती झाल्यावर त्याच बैठकीत, त्याच कपड्यांवर लग्न लावून टाकण्याचीही रीत आहे आणि तिला लोकांनीच 'यादी पे शादी' असे गमतीदार नाव दिले आहे. कमी खर्चाच्या लग्नाचा याहून अस्सल देशी नमुना दुसरा नाही. त्यात कलमे लिहिली जातात खरी, पण खर्च व्हायला वेळच मिळत नाही!

या बैठकीत बोलली जाणारी वाक्येही नीट ऐकण्यासारखी असतात. 'आम्हांला काही नको, मुलगी आणि नारळ द्या.' 'तुमच्या मुलीला तुम्ही काय द्यायचे ते द्या.' 'बाकी काही अपेक्षा नाही, फक्त लग्न तेवढे चांगले करून द्या.' वाच्यार्थ घेतला तर ही तिन्ही वाक्ये निरिच्छतेची आहेत. ध्वन्यार्थ मात्र खोलीतल्या सर्वांना कळतो आणि तो रुपयांत मोजता येतो. 'चांगले' या विशेषणाचा अर्थ म्हणजे चौरस आहाराचे ताट, नावाजलेले कार्यालय आणि वऱ्हाडाची बडदास्त. मुलाकडचा खर्चही मुलीकडच्यांनीच उचलायचा असेल तर त्यासाठी आपल्याकडे 'दोन्ही अंगांचे लग्न' असा सोज्ज्वळ शब्दप्रयोग आहे. व्यंजना शिकवताना आपण काव्यातली उदाहरणे शोधत बसतो. ती इतक्या जवळ आणि इतकी महाग उपलब्ध आहेत.

मराठी रंगभूमीने ही बैठक फार पूर्वी ओळखली होती. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. त्यात मुलीचा बाप पैशांच्या लोभाने तिला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' आले. त्यात हुंडा मागणारा वरपिता आहे. दोन्ही नाटके शेजारी ठेवून वाचली तर दिसते, की पैशाच्या प्रवाहाची दिशा उलटली, पण कागदावर लेखणी चालवणारा हात बदलला नाही. एकीकडे मुलीचा बाप, दुसरीकडे मुलाचा बाप. लग्न ज्यांचे आहे त्यांचा या मजकुरात वाटा कुठेच नाही.

तो वाटा देण्याचा पहिला मोठा प्रयत्न जोतीराव फुल्यांनी केला. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. या विवाहातून पुरोहित वजा झाला, याचीच चर्चा नेहमी होते. आमच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची गोष्ट अशी, की जोतीरावांनी मंगलाष्टकांचा वक्ता बदलला. १८८७ साली सत्यशोधक पूजाविधीची जी पुस्तिका निघाली, तिच्यातील मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, एकमेकांना वचने देतात. परक्या भाषेतला आशीर्वाद मुकाट्याने ऐकणारी दोन माणसे तिथे बोलती झाली. लग्नाच्या संहितेचे लेखकत्व ज्यांचे लग्न आहे त्यांच्याकडे जावे, ही कल्पना त्यामुळे आपल्याला नवी नाही. ती मांडवापर्यंत पोचली. बैठकीपर्यंत मात्र अजून पुरती पोचलेली नाही.

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. काटकसरीचा उपदेश गरिबाला करणे ही आपल्याकडची जुनी करमणूक आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. इतिहासात त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. कुणबी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो, असे तेव्हाही सर्रास म्हटले जाई. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने हे मत तपासले आणि लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असा अभिप्राय दिला. मिळकतीच्या मानाने हा खर्च जास्त असेल, पण असे प्रसंग माणसाच्या आयुष्यात क्वचित येतात, असे आयोगाचे म्हणणे होते. एका परकीय सरकारच्या आयोगाला जे समजले ते आजच्या व्याख्यात्यांना अनेकदा समजत नाही. गरीब माणूस मूर्खपणाने खर्च करत नाही. लग्न ही त्याची आपल्या माणसांशी बोलण्याची भाषा असते. वर्षानुवर्षे ज्यांच्या दारी तो जेवला, ज्यांनी त्याच्या आजारपणात रात्री जागवल्या, त्यांना तो त्या दिवशी उत्तर देत असतो.

मग आज काय बदलले? आमच्या मते बदल झाला तो श्रमात. जुन्या गावातल्या लग्नाला हजार माणूस जेवत असे, हे खरे. पण त्या हजार पानांमागे भावकीचे आणि शेजारपाजारचे हात होते. मांडवाच्या मेढी कुणाच्या तरी बांधावरून येत, वर आंब्याचे डहाळे पडत. धान्य घरातले. दळणकांडण गल्लीतल्या बायका गाणी म्हणत करीत. वाढायला गावातली पोरे, भांडी देवळातली किंवा तालमीतली. आज माझ्याकडे तू, उद्या तुझ्याकडे मी, असा तो हिशेब होता आणि त्यात रोख पैसा फार थोडा फिरत असे. या श्रमांची वाटणी न्याय्य होती असे आम्ही म्हणणार नाही. बलुतेदारांचे आणि बायकांचे कष्ट तिथे फुकट धरलेले होते. पण त्या व्यवस्थेत माणसांची संख्या वाढली म्हणून यजमान बुडत नव्हता.

आता आचारी कंत्राटावर, वाढपी कंत्राटावर, मांडव भाड्याचा आणि जेवणाचा दर ताटावर. निमंत्रितांची यादी मात्र जुन्याच व्यवस्थेतली राहिली. संख्या आजोबांच्या काळातली आणि दर आजचा, असा हा विचित्र गुणाकार आहे. ताटामागे अवघे २५० रुपये धरले तरी ८०० पानांचे दोन लाख होतात. १५० पानांचे साडेसदतीस हजार. फुले, पत्रिका, रोषणाई यांत कितीही कात्री लावली तरी हा फरक भरून निघत नाही. म्हणून कमी खर्चाच्या लग्नाचे पहिले आणि जवळजवळ शेवटचे कलम म्हणजे माणसांची संख्या. कार्यालय केवढे, भांडी किती, गाड्या किती, आहेराचे टॉवेल-टोप्या आणि ब्लाउजपीस किती, ही सगळी कलमे त्या एका आकड्याच्या मागून चालत येतात.

सोन्याचे कलमही असेच फसवे आहे. ते तोळ्यांत लिहिले जाते, रुपयांत नव्हे. 'पाच तोळे घालू' हा शब्द आत्याच्या लग्नात गेला, मोठ्या बहिणीच्या लग्नात गेला, म्हणून धाकटीच्या वेळीही जातो. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या पलीकडे गेला, पण यादीतला 'पाच' हा आकडा जागचा हलला नाही. परंपरा पाळल्याचे समाधान मिळते आणि शेत गहाण पडते.

'पण आम्ही इतकी वर्षे लोकांच्या लग्नात जेवलो, आता आमच्या वेळी त्यांना बोलवायचे नाही का?' हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अनेक घरांत आहेराची वही असते. कुणी कोणत्या लग्नात काय दिले याची तीत नोंद असते आणि ती नोंद म्हणजे एक प्रकारचे देणेच असते. हे देणे नाकारायचे नाही. फक्त ते त्याच दिवशी, त्याच ताटात फेडले पाहिजे असे नाही. लग्नानंतर नव्या जोडप्याने गावातल्या घराघरांत जाऊन पाया पडून यावे, चहा घ्यावा, हे आपल्या चालीरीतींत बसणारे आहे. कार्यालयाच्या रांगेत उभे राहून पाकीट देणाऱ्या पाहुण्याला तेवढाही सहवास मिळत नाही.

तरीही संख्या कमी होत नाही. का? याचे उत्तर करोनाच्या काळाने दिले. २०२० च्या मे महिन्यात लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात ती पंचवीसवर आली. लग्न एकाच ठिकाणी दोन तासांत आटोपायचे आणि नियम मोडला तर पन्नास हजार रुपये दंड. त्या दोन वर्षांत हजारो लग्ने अशी झाली. कुणाचे नाक कापले गेले नाही, कुणी म्हटले नाही की हे लग्न खरे नव्हे. निर्बंध उठले आणि वऱ्हाडे पुन्हा पूर्ववत झाली. याचा अर्थ लोक सुधारायला तयार नाहीत, असा आम्ही काढत नाही. त्या काळात 'तुम्हांला बोलावता येत नाही' हे वाक्य यजमानाला स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागत नव्हते. वाईटपणा सरकारने घेतला होता. कमी खर्चाच्या लग्नात खरी टंचाई पैशाची नसते. वाईटपणा घेणाऱ्या माणसाची असते.

आणि हा वाईटपणा मुलीच्या बापाला घेता येत नाही. तो बैठकीत दुबळा पक्ष असतो. त्याने 'शंभरच माणसे' म्हटले तर तो कंजूष ठरतो, त्याच्या मुलीला ते पुढे ऐकावे लागते. वरपित्याने हेच वाक्य उच्चारले तर त्याचे नाव पुरोगामी म्हणून घेतले जाते. एकच वाक्य, दोन वक्ते, दोन अर्थ. साधेपणाची पहिली जबाबदारी म्हणूनच मुलाकडची आहे. मुलीकडच्यांना साधेपणाचे धडे देणाऱ्या सगळ्या मोहिमा या एका मुद्द्यावर अडखळतात.

इथे खरोखर काय पणाला लागलेले असते, हे विसरता कामा नये. २०१७ च्या एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या तरुण मुलीने आपल्या लग्नाच्या खर्चाचा आणि हुंड्याचा भार वडिलांवर नको, अशी चिठ्ठी लिहून जीवन संपवले. २०२५ साली पुणे जिल्ह्यातील एका विवाहितेच्या मृत्यूनंतर मराठा समाजातील काही मंडळींनी लग्नासाठी आचारसंहिता जाहीर केली. पाहुण्यांची संख्या मर्यादित ठेवावी, डीजे टाळावा, प्री-वेडिंगच्या चित्रफितींचे प्रदर्शन करू नये, हुंडा देऊ-घेऊ नये, अशी तिची कलमे होती. तिचे स्वागत करावे. समाजाने मिळून नियम केला की वाईटपणा वाटला जातो, हा करोनाचाच धडा आहे. सामूहिक विवाहांचेही तेच आहे. पण त्यांना 'गरिबांची लग्ने' असे नाव पडले आणि ऐपत असणारे त्यांत उभे राहिले नाहीत. ज्या मांडवात फक्त गरिबांनीच उभे राहायचे, तिथे साधेपणा हे मूल्य न राहता ओळखपत्र होते.

कायद्यानेही एक यादी सांगितली आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली नियम झाले. त्यांनुसार वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते : वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, त्याचे नाते, आणि खाली वधू-वरांच्या सह्या. ही यादी करणारी किती घरे तुमच्या पाहण्यात आहेत? कायद्याने मागितलेली यादी कुणी करत नाही आणि कायद्याला न पटणारी यादी हळदकुंकू लावून करतात. यातला एक तपशील डोळ्यांत भरतो. कायद्याच्या यादीवर सह्या वडिलांच्या नाहीत. त्या वधू आणि वराच्या आहेत.

आमची सूचना तिथूनच निघते आणि ती साधी आहे. यादी वधू-वरांनी लिहावी, आणि प्रत्येक कलमापुढे 'खर्च कोणाचा' असा एक रकाना असावा. जो कलम मागेल त्याचे नाव त्या रकान्यात यावे. वराच्या मामांना घोडा हवा असेल तर मामांचे नाव लिहावे. वधूच्या मैत्रिणींना संगीताची रात्र हवी असेल तर वर्गणी त्यांची. जेवणाचा आणि कार्यालयाचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा आणि पाहुण्यांची संख्याही तशीच वाटून घ्यावी. हळद आणि लग्न एकाच दिवशी. दाट तिथीचा आग्रह सोडला तर कार्यालयाचे भाडेही उतरते. कपड्यांचा आहेर दोन्हीकडून बंद. नाहीतरी ते टॉवेल आणि ब्लाउजपीस न उघडता पुढच्या लग्नाला रवाना होतात. आणि शेवटचे कलम : या लग्नासाठी कोणीही कर्ज काढणार नाही. ज्यांना याहून साधे हवे त्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा आहेच. तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढेच तो मागतो.

यावर कुणी म्हणेल, हल्लीची मुले-मुली आपली यादी आपणच करतात आणि ती बापाच्या यादीपेक्षा लांब असते. खरे आहे. हळदीला पिवळ्या रंगाचे ठराविक कपडे, किल्ल्यावर नाहीतर समुद्रकाठी चित्रीकरण, मेंदी, संगीत, स्वागतसमारंभ. लेखकत्व मिळाले, पण देयक अजून बापाच्याच नावावर निघते. म्हणूनच तो 'खर्च कोणाचा' हा रकाना आवश्यक आहे. स्वतःच्या दोन-तीन पगारांत बसेल एवढेच लग्न करायचे असे एखाद्या जोडप्याने ठरवले, तर त्यांना काय गाळायचे हे कुणी शिकवावे लागणार नाही.

राहता राहिलो आपण, मराठी शिकवणारे आणि शिकणारे. आपल्यापैकी अनेकांना गावाकडे बैठकीत मानाने बोलावले जाते. 'सर, चार माणसांत तुम्ही हवेत.' पगारदार प्राध्यापक नवरा म्हणून आपल्याच विद्यार्थ्यांचा भाव किती तोळ्यांवर गेला आहे, हेही तिथे कानांवर येते. वर्गात 'शारदा' शिकवणारा माणूस त्या सतरंजीवर गप्प बसतो, कारण तिथे तो पाहुणा असतो. पण बहुतेक वेळा सुवाच्य अक्षर म्हणून लेखणी त्याच्याच हातात दिली जाते. तेव्हा एवढे करावे. कागदावर उभी रेघ मारून उजवीकडे एक रकाना आखावा, आतल्या खोलीत बसलेल्या मुलीला बाहेर बोलवावे, आणि पहिले कलम तिला सांगायला सांगावे.